ससाण्याची वाट

अमूर ससाणा हा कबुतराच्या जेमतेम निम्म्या वजनाचा पक्षी. नर पाटीसारखा करडा, मांड्यांवर विटकरी पिसे, पाय नारिंगी. मादीच्या पांढरट छातीपोटावर काळे फराटे. वजन दीडशे ग्रॅमच्या आगेमागे. सैबेरियाचा आग्नेय कोपरा, ईशान्य मंगोलिया आणि उत्तर चीन या पट्ट्यात तो उन्हाळ्यात पिल्ले वाढवतो. थंडी पडायच्या आत तिथून निघतो आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ माळांवर पोहोचतो. जाऊन-येऊन वीस हजार किलोमीटरहून जास्त प्रवास होतो आणि त्यात अरबी समुद्राचा अडीच-तीन हजार किलोमीटरचा पट्टाही येतो. समुद्रावरून एवढा लांब पल्ला मारणारा दुसरा शिकारी पक्षी माहीत नाही. समुद्रावर बसायला फांदी नसते आणि ससाण्याला पाण्यावर तरंगता येत नाही. तिथे वाट चुकली तर सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

या प्रवासाची सरळ रेषा तिबेटच्या पठारावरून जाते. ससाणे ती टाळतात. ते चीनमधून दक्षिणेकडे सरकत हिमालयाच्या पूर्व टोकाला वळसा घालतात आणि ऑक्टोबरात नागालँड, मणिपूर, आसामच्या डोंगरांत उतरतात. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाच्या काठी पांगती नावाचे गाव आहे. पाऊस ओसरल्यावर या भागात पंख फुटलेली वाळवी ढगासारखी जमिनीतून वर येते. ससाणे दिवसभर ती हवेतच पायांनी पकडतात, उडता उडताच खातात आणि संध्याकाळी हजारोंच्या संख्येने झाडांवर दाटीवाटीने बसतात. वीजतारांवरही रांगा लागतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या अंगावर चरबी चढते. पुढच्या प्रवासाची शिदोरी तीच.

हीच दाटी २०१२ मध्ये त्यांच्या जिवावर उठली. बसण्याच्या जागांभोवती मासेमारीची जाळी टांगून ससाणे धरले जात, भाजून-धुरावून विकले जात. त्या एका हंगामात मारल्या गेलेल्या पक्ष्यांचा अंदाज सव्वा लाखाच्या आसपास निघाला. चित्रफिती बाहेर आल्यावर गावसभा, चर्च, वनखाते आणि निसर्गसंस्था एकत्र बसल्या, आणि पुढच्याच वर्षी तिथे एकही ससाणा मारला गेला नाही. भारतातल्या संवर्धनाच्या इतिहासात एवढ्या झटपट निकालाची उदाहरणे फार नाहीत. नोव्हेंबर २०१३ मध्ये, जिथे जाळी लागत त्याच गावाशेजारी, भारतीय वन्यजीव संस्थेच्या आणि हंगेरीच्या संशोधकांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बांधले. त्यांची नावे नागा, वोखा आणि पांगती.

ट्रान्समीटरचे वजन पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याभर साखरेएवढे. पक्ष्याच्या वजनाच्या तीन-चार टक्क्यांहून जड ओझे त्याला देऊ नये, असा संकेत आहे. त्यामुळे असले उपकरण बनेपर्यंत एवढ्या छोट्या ससाण्याचा माग काढणे शक्यच नव्हते. पाठीवर दप्तर अडकवावे तसे ते मऊ फितीने छातीभोवतून बांधतात. वर सौर पट्टी, मागे केसाएवढी बारीक तार. आगगाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढतो आणि लांब जाताना उतरतो. उपग्रह ट्रान्समीटरच्या संदेशातला असाच चढउतार मोजून पक्षी कुठे आहे हे काढतो. एवढ्याशा सौर पट्टीवर यंत्र अखंड चालत नाही. काही तास संदेश, मग बॅटरी भरेपर्यंत दीड-दोन दिवस शांतता. नकाशावर सलग दिसणारी रेघ खरे तर ठिपके जोडून काढलेली असते.

या ठिपक्यांतून २०१३ मध्ये जे दिसले ते त्याआधी कोणी छातीठोकपणे सांगितले नसते. नागालँडहून उठलेल्या ससाण्याने भारताचे द्वीपकल्प आणि अरबी समुद्र पार करून, कुठेही न थांबता, सुमारे ५,६०० किलोमीटर अंतर पाच दिवस दहा तासांत कापले. सरासरी ताशी ४३ किलोमीटर, दिवसरात्र. आंध्र-तेलंगण, मग महाराष्ट्र-कर्नाटकाचे पठार, सह्याद्रीची धार, कोकण-गोव्याचा किनारा आणि पुढे पाणी. नोव्हेंबरात सह्याद्रीच्या माथ्यावर दुर्बीण घेऊन बसणाऱ्यांना दिसणारे ससाणे याच काफिल्यातले. बहुतेक मात्र नजरेच्या टप्प्याच्या वरून किंवा रात्रीतून निघून जातात.

अशा प्रवाशाला दोन गोष्टी लागतात. उत्तर-दक्षिण कुठे हे कळायला होकायंत्र, आणि आपण स्वतः कुठे आहोत हे कळायला नकाशा. जर्मन संशोधक गुस्टाव क्रामर यांनी १९५०च्या दशकात ही विभागणी मांडली. होकायंत्राबद्दल त्यानंतर पुष्कळ कळले. नकाशाचे कोडे मात्र अजून पुरते सुटलेले नाही.

पहिले होकायंत्र सूर्याचे. क्रामर यांनी पिंजऱ्यातल्या स्टारलिंगांवर, म्हणजे आपल्याकडच्या भोरड्यांच्या युरोपीय भाऊबंदांवर, दाखवून दिले की स्थलांतराच्या दिवसांत हे पक्षी सूर्य पाहून ठरावीक दिशेला फडफडतात आणि आरशाने सूर्य हलवला की दिशाही बदलतात. सूर्य जागेवर थांबत नाही, तासाला पंधरा अंश सरकतो. तेव्हा त्याच्यावरून दिशा काढायची तर किती वाजले हे आधी ठाऊक हवे. ते घड्याळ पक्ष्याच्या शरीरात असते. कबुतरांना काही दिवस खोट्या दिवसरात्रीत ठेवून त्यांचे घड्याळ सहा तास चुकवले, तर उन्हात सोडल्यावर ती घराच्या दिशेपासून जवळजवळ काटकोनात भरकटतात.

रात्रीचे होकायंत्र ताऱ्यांचे. अमेरिकेत स्टीफन एम्लेन यांनी इंडिगो बंटिंग नावाचे छोटे पक्षी तारांगणाच्या घुमटाखाली ठेवले. ध्रुवतारा ओळखण्याची जाण त्यांना जन्मतः असेल, अशी कोणाचीही अटकळ झाली असती. एम्लेन यांनी काही पिल्लांना असे आकाश दाखवून वाढवले, ज्यात सारे तारे आर्द्रा नक्षत्रातल्या तांबूस बीटलज्यूजभोवती फिरत होते. शरद ऋतू आला तेव्हा या पक्ष्यांनी बीटलज्यूजलाच उत्तर मानले आणि त्याच्याकडे पाठ करून दक्षिण धरली. म्हणजे ध्रुवाचा पत्ता उपजत नसतो. आकाशात जो न हलणारा बिंदू असेल तो उत्तर, एवढाच नियम अंगात असतो आणि तो बिंदू घरट्याच्या दिवसांत आभाळाकडे पाहून शोधून ठेवावा लागतो.

ढगाळ रात्री तारे नसतात. तिथे पृथ्वीचे चुंबकत्व कामी येते. फ्रँकफुर्टमध्ये वोल्फगांग विल्चको यांनी १९६०च्या दशकात युरोपीय रॉबिन पक्ष्यांभोवती तारेची वेटोळी लावून चुंबकीय उत्तर फिरवली, तर पक्षीही फिरले. १९७२ मध्ये आणखी एक विचित्र गोष्ट सिद्ध झाली. हे होकायंत्र आपल्या होकायंत्रासारखे उत्तर आणि दक्षिण ओळखत नाही. चुंबकीय रेषा जमिनीशी जो कोन करतात, तो नतिकोन ते पाहते. रेषा ज्या बाजूला जमिनीत शिरते ती ध्रुवाची बाजू, दुसरी विषुववृत्ताची. अमूरच्या खोऱ्यात हा कोन साठ अंशांच्या वर असतो, महाराष्ट्रात तिशीच्या आसपास आणि तमिळनाडू-केरळच्या दक्षिण टोकाला जवळजवळ शून्य. तिथून चुंबकीय विषुववृत्त जाते. अग्निबाण सोडायला थुंबा निवडले गेले ते याच कारणाने. हीच रेषा अरबी समुद्रावरून पुढे आफ्रिकेच्या शिंगाकडे जाते. म्हणजे अमूर ससाण्याला ती नेमकी सर्वांत अवघड टप्प्यात ओलांडायची असते. रेषा आडव्या झाल्या की कोनावर चालणारे होकायंत्र गप्प बसते. पलीकडे गेल्यावर कोन उलटा होतो आणि ‘विषुववृत्ताकडे’ याच आदेशावर चालणारा पक्षी माघारी फिरायला हवा. गार्डन वॉर्बलर या युरोपीय पक्ष्यांना काही काळ आडव्या चुंबकीय क्षेत्रात ठेवले, तेव्हा त्यांनी आपणहून आदेश पालटला आणि ‘ध्रुवाकडे’ ही दिशा धरली. सीमा ओलांडण्याचा अनुभवच बहुधा ही कळ दाबतो.

पक्ष्याला चुंबकत्व जाणवते कशाने, याचे आजचे सर्वांत बळकट उत्तर डोळ्याकडे बोट दाखवते. दृष्टिपटलात क्रिप्टोक्रोम-४ नावाचे प्रथिन असते. त्यावर निळा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तयार होतात आणि चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनुसार त्यांचे वागणे बदलते. ओल्डेनबर्ग आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये रॉबिनचे हे प्रथिन प्रयोगशाळेत चुंबकाला प्रतिसाद देते हे दाखवले. पक्ष्याला उत्तर दिशा कदाचित नजरेवरच्या एखाद्या सावलीसारखी दिसत असेल. ओल्डेनबर्गलाच त्याआधी एक प्रयोग बरीच वर्षे फसत राहिला होता. विद्यापीठाच्या आवारातल्या लाकडी खोल्यांत रॉबिनना दिशाच धरता येईना. शेवटी खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीला जोडले आणि पक्षी ताळ्यावर आले. शहरातल्या विजेच्या उपकरणांचा अदृश्य गोंगाट त्यांचे होकायंत्र बंद पाडत होता. मुंबईकरांना ही गोष्ट ओळखीची वाटावी. कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवावी लागली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या.

इथे एक सावधगिरी हवी. वरचे जवळजवळ सगळे प्रयोग मूठभर आकाराच्या पक्ष्यांवर झालेले आहेत. गरुडाला नरसाळ्याच्या आकाराच्या पिंजऱ्यात ठेवून तो कुठल्या बाजूला उड्या मारतो हे मोजता येत नाही. ससाण्याच्या अंगात यातले काय काय आहे, हे म्हणूनच त्याच्या प्रवासाच्या रेघांवरून ओळखावे लागते. त्या रेघांची गोष्ट प्रयोगशाळेतल्या गोष्टीहून गुंतागुंतीची आहे.

तिची पूर्वपीठिका पुन्हा स्टारलिंगांचीच. डच संशोधक ए. सी. पर्डेक यांनी हजारो स्थलांतरी स्टारलिंग नेदरलँड्समध्ये पकडून विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले आणि १९५८ मध्ये निष्कर्ष छापले. पूर्वी एकदा तरी प्रवास केलेले पक्षी नवी दिशा धरून उत्तर फ्रान्स आणि इंग्लंडच्या आपल्या नेहमीच्या मुक्कामाकडे वळले. त्याच वर्षी जन्मलेले मात्र जुन्याच दिशेला उडत स्पेनकडे पोहोचले. तरुणाच्या अंगात ‘अमुक दिशेला, अमुक दिवस’ एवढा वारसा होता. ठिकाण ओळखणे प्रौढांनाच जमले.

शिकारी पक्ष्यांत हा फरक उपग्रहाने उघड केला. स्वीडनचे मधुबाज आफ्रिकेत हिवाळा काढतात. प्रौढ ऑगस्टअखेर निघतात, नैऋत्येला वळसा घेऊन जिब्राल्टरच्या चौदा किलोमीटर रुंद सामुद्रधुनीवरून उतरतात. पिल्ले काही आठवड्यांनी, एकेकटी निघतात. सोबतीला आईबाप नसतात. ती थेट दक्षिणेची वाट धरतात आणि भूमध्य समुद्र रुंद असतो तिथेच ओलांडायला जातात. वारा ढकलेल तिकडे थोडी सरकतात आणि पश्चिम आफ्रिकेत कोणी कुठे तर कोणी कुठे उतरते. पहिल्या हिवाळ्याचा मुक्काम बराचसा वाऱ्याच्या मर्जीवर ठरतो. पुढे त्यातले जगलेले पक्षी आपापली वाट दरवर्षी थोडी थोडी सुधारत जातात.

इटलीतला सापमार गरुड याहून मजेशीर. त्याला आफ्रिकेत जायचे आहे आणि आफ्रिका समोर आहे. सिसिली ते ट्युनिशिया जेमतेम दीडशे किलोमीटर पाणी. तरी मध्य इटलीतले प्रौढ सापमार सप्टेंबरात चक्क उत्तर-पश्चिमेला निघतात, किनाऱ्याकिनाऱ्याने फ्रान्स आणि स्पेन पालथा घालून जिब्राल्टरला पोहोचतात आणि तिथून आफ्रिकेत उतरून पुन्हा दक्षिणेला वळतात. समोरचे घर सोडून गावाला प्रदक्षिणा घालून मागल्या दाराने आत शिरावे तसे. कोणत्याही उपजत होकायंत्रात ‘दक्षिणेला जाण्यासाठी आधी उत्तरेला जा’ असा आदेश बसणे कठीण. ही वाट तरुण पक्षी मोठ्यांच्या मागे उडून शिकतात. ज्यांना मोठ्यांची संगत मिळत नाही ते सिसिलीकडे उतरतात.

चुकीची किंमत किती असते हे बाल्कन देशांतल्या पांढऱ्या गिधाडांनी दाखवले. ही गिधाडे तिथे आता फारच थोडी उरली आहेत, त्यामुळे पहिल्या प्रवासाला निघालेल्या पिल्लाला मागे लागायला प्रौढ सापडेलच असे नाही. पूर्वेकडची पिल्ले तुर्कस्तानच्या जमिनीवरून सुखरूप उतरली. ग्रीस आणि आसपासची पिल्ले आपल्या उपजत दिशेने सरळ दक्षिणेला गेली आणि त्यातली बहुतेक भूमध्य समुद्रात बुडाली. दिशा त्यांची चुकली नव्हती. तीच दिशा तुर्कस्तानावरून गेलेल्यांना तारून गेली. प्रौढ संपले की संख्येबरोबर वाटेची आठवणही संपते. पिंजऱ्यात वाढवून सोडलेल्या पिल्लांना ती कोण देणार, हा संवर्धनातला खरोखर अवघड प्रश्न आहे.

गिधाड समुद्राला एवढे का भिते, याचे उत्तर त्याच्या पंखांत आहे. गिधाडे, गरुड, मधुबाज हे रुंद पंखांचे पक्षी पंख मारून फार लांब जाऊ शकत नाहीत. ऊन तापले की जमिनीवरून गरम हवेचे खांब वर चढतात. त्यात गोल घिरट्या घेत हे पक्षी उंची गाठतात आणि तिथून पुढच्या खांबापर्यंत घसरत जातात. सकाळी नऊ-दहाच्या आधी आणि सूर्य कलल्यावर त्यांची गाडी बंद. समुद्रावर असे खांब सहसा उठत नाहीत, म्हणून ते जमिनीच्या चिंचोळ्या पुलांवर गोळा होतात. जॉर्जियातल्या बातुमी शहरावरून दर शरद ऋतूत दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात, मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझवरून चाळीस लाखांहून जास्त. अशा वेळी नकाशा पुष्कळदा भूगोलच काढून देतो. डोंगराची धार, किनारा, नदीचे खोरे यांना धरून राहिले की पुरे. जपानचे मधुबाज मात्र शरद ऋतूत पूर्व चीन समुद्रावरून सुमारे सातशे किलोमीटर सरळ उडतात, कारण त्या दिवसांत तिथे पाठीमागून वारा असतो आणि समुद्रावरही हवा थोडी वर उठते. वसंतात वारा फिरलेला असतो, तेव्हा तेच पक्षी कोरियावरून लांबचा वळसा घेतात. परतीची वाट जातानाचीच असावी, असा हट्ट ते धरत नाहीत.

ससाणे आणि भोवत्ये यांचे पंख लांब आणि अरुंद. ते पंख मारत रात्रीही उडू शकतात. अमूर ससाण्याची सागरी उडी त्यामुळेच शक्य होते, पण वाऱ्याशिवाय तीही जमली नसती. नोव्हेंबरात भारतावरून आफ्रिकेकडे ईशान्येचा वारा वाहू लागतो. हजार मीटरच्या वर तो पृष्ठभागाच्या आधीच स्थिरावतो. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन मालदीवमध्ये राहत असताना त्यांना एक कोडे पडले. बेटांवर गोड्या पाण्याचे साठे जवळपास नाहीत, तरी दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाखो चतुर कुठून येतात? त्यांनी २००९ मध्ये मांडले की पँटाला जातीचे हे पिवळसर चतुर भारतातून निघतात आणि याच उंचीवरच्या वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. पावसाळ्यानंतर आपल्या अंगणात, माळावर थव्याने घिरट्या घालणारे चतुर तेच. अमूर ससाणे त्याच दिवसांत, त्याच दिशेने जातात, आणि चतुर हे त्यांच्या आवडीचे खाद्य. समुद्रावर त्यांना चालताबोलता फराळ मिळत असावा. एप्रिल-मे महिन्यांत वारा नैऋत्येचा होतो, तेव्हा ससाणे सोमालियाकडून पुन्हा समुद्रावर झेपावतात आणि भारतावरून ईशान्येला परततात.

वाऱ्याने बाजूला ढकलले तर अनुभवी पक्षी जमिनीवर लगेच दुरुस्ती करतो, कारण खालची झाडे-डोंगर कुठे सरकताहेत हे त्याला दिसते. पाण्यावर खूण नसते. तिथे भरकटणे सोसायचे आणि किनारा दिसला की हिशेब चुकता करायचा.

हा अनुभव साठवायला स्मरणशक्ती लागते. तिच्याबद्दलचा एक धागा बहिरी ससाण्यांनी दिला. चिनी आणि युरोपीय संशोधकांच्या एका गटाने युरेशियाच्या आर्क्टिक पट्ट्यातल्या सहा ठिकाणचे ५६ बहिरी ससाणे उपग्रहाने तपासले आणि जनुकेही वाचली. २०२१ मध्ये त्यांनी सांगितले की लांब पल्ल्याचा प्रवास करणाऱ्या पूर्वेकडच्या ससाण्यांत एडीसीवाय-८ या जनुकाचे एक विशिष्ट रूप जास्त आढळते, आणि हे जनुक दीर्घकालीन स्मृतीशी निगडित आहे. एका जनुकात सगळी वाट लिहिलेली नसते. पण वाट लक्षात ठेवण्याची कुवत निवडली जात असावी, असे त्यावरून दिसते.

महाराष्ट्राच्या माळावर ही आठवण डोळ्यांनी पाहता येते. सोलापूर-नगरकडच्या गवताळ रानांत सप्टेंबर-ऑक्टोबरपासून माँटेग्यूचे आणि पांढुरके भोवत्ये मध्य आशियातून उतरतात. दिवसभर नाकतोडे आणि उंदीर टिपत गवताच्या शेंड्यांलगत उडतात. सूर्य टेकला की एकेक करून ठरलेल्या गवताकडे येतात, एकदम बसत नाहीत, बराच वेळ घिरट्या घेतात आणि अंधार पडता पडता जमिनीवर, गुडघाभर गवतात, आपापली जागा धरतात. असे मुक्काम वर्षानुवर्षे टिकतात. ते गवत नांगरले किंवा तिथे रोपे लावली की मुक्काम मोडतो. कझाकस्तानातून हजारो किलोमीटर अचूक येणाऱ्या पक्ष्याला शेवटच्या काही एकरांचा पत्ता मग बदलून घ्यावा लागतो.

अमूर ससाण्यांबाबत हा नेमकेपणा मणिपूरमध्ये मोजला गेला. तामेंगलाँग जिल्ह्यात नोव्हेंबर २०१९ मध्ये चिउलोन हा नर आणि इरांग ही मादी यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बांधले होते. दोघे समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण भागात गेले, वसंतात परत फिरले आणि उन्हाळा उत्तरेच्या प्रदेशात काढला. ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस, काही दिवसांच्या अंतराने, दोघेही पुन्हा तामेंगलाँगमध्ये उतरले. वाळवीला तेव्हा नुकतेच पंख फुटत होते.